पहिल्यांदा येणाऱ्या श्रोत्यासाठी मैफल कशी आखावी

शास्त्रीय संगीताला नवा श्रोता मिळत नाही अशी तक्रार निघाली की उपायही लगेच सुचवले जातात. ख्याल (रागाची विस्ताराने केलेली मांडणी) आवरता घ्या, मागे ड्रम्स ठेवा, मंचावर रंगीत दिवे सोडा. हे सगळं करून झालं आहे आणि अजूनही चालू आहे. पण पहिल्यांदाच मैफल ऐकून बाहेर पडलेल्या माणसाशी बोलून पाहा. ‘फार संथ होतं’ असं तो क्वचित म्हणतो. ‘छान होतं, पण नेमकं काय चाललं होतं ते कळलं नाही,’ असं मात्र हमखास म्हणतो. माझं सगळं म्हणणं या दुसऱ्या वाक्याभोवती आहे. नव्या श्रोत्याला कंटाळा येतो तो बहुतेक वेळा वाट चुकल्यामुळे. पुढे काय येणार आहे आणि आपण कशाची वाट पाहायची हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तेवढं सांगितलं तर तो चाळीस मिनिटांचा ख्याल निवांत ऐकतो.

संगीत शिकणारे विद्यार्थी, नुकतेच मंचावर येऊ लागलेले कलाकार, महाविद्यालयात, वाचनालयात किंवा सोसायटीच्या सभागृहात पहिलाच कार्यक्रम करू पाहणारे रसिक, यांच्यासाठी हा लेख आहे. पन्नास-साठ माणसांची बैठक, एक गायक किंवा वादक, तबला, पेटी, तंबोरे आणि समोर निम्मे लोक पहिल्यांदाच आलेले, असं गृहीत धरून चालू.

१. कोणाला बोलवायचं ते आधी ठरवा

‘सगळ्यांसाठी खुला’ असं लिहून पोस्टर लावलं की नेहमीचेच लोक येतात. नवे श्रोते नावानिशी बोलवावे लागतात. भावगीतं ऐकणारी शेजारीण, महाविद्यालयातल्या बँडमध्ये गिटार वाजवणारा मुलगा, भजनी मंडळातला पखवाजवाला, मुलीला पेटीच्या शिकवणीला सोडून बाहेर बसणारे पालक. या प्रत्येकाचा कान कशाने तरी तयार झालेला असतो. पखवाजवाल्याला ताल शिकवायला जाऊ नका, तोच तुम्हाला दोन गोष्टी सांगेल.

निम्मे श्रोते मात्र मुरलेले हवेत. दाद द्यायला माणूस शेजाऱ्याकडून शिकतो. बाजूच्या काकांची मान समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, हलली, कुणाच्या तोंडून ‘वाः’ निघालं, की नव्या माणसाला कळतं की इथे काहीतरी घडलं. म्हणून जाणकारांना पहिल्या दोन रांगांत कोंबून नव्यांना मागे ढकलू नका, मिसळून बसवा.

आणि माइकवरून ‘आजच्या पिढीला अभिजात संगीताची गोडी राहिली नाही’ हे वाक्य कोणालाही म्हणू देऊ नका. जी पिढी समोर येऊन बसली आहे तिलाच हे ऐकवण्यात काय हशील? सक्तीने अभिरुची घडवण्याचा मोठा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. १९५२ मध्ये केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बा. वि. केसकरांनी आकाशवाणीवरची चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार केली आणि शास्त्रीय संगीताचा वेळ वाढवला. श्रोत्यांनी सुई चित्रपटगीतं वाजवणाऱ्या रेडिओ सिलोनकडे फिरवली. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये आकाशवाणीलाच चित्रपटगीतं वाजवणारी विविध भारती सुरू करावी लागली. गंमत अशी की त्याच १९५२ मध्ये सुरू झालेल्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने मोठमोठे कलाकार घराघरांत पोहोचवले. माध्यम तेच आणि मंत्रीही तेच. एके ठिकाणी लोकांच्या हातातलं काढून घेतलं होतं, दुसऱ्या ठिकाणी त्यांच्या पुढ्यात ठेवलं होतं.

२. कलाकाराशी आधी बोला, आणि खरंच बोला

तारीख आणि मानधन ठरवून फोन ठेवणं म्हणजे बोलणं नव्हे. निम्मे श्रोते नवे असतील हे कलाकाराला स्पष्ट सांगा आणि तीन गोष्टी विचारा. सुरुवातीला दहा मिनिटं गाऊन-वाजवून काही उलगडून दाखवाल का? दोन-तीन राग एकमेकांपासून वेगळ्या स्वभावाचे घ्याल का? शेवटी प्रश्नांना थांबाल का? तिन्हीला मनापासून होकार देणारा तरुण कलाकार, नाखुशीने येणाऱ्या मोठ्या नावापेक्षा या कामाला जास्त उपयोगी पडतो. राग कोणता गायचा हे मात्र शेवटी त्याच्यावर सोडा. त्या दिवशी गळा कुठे लागतोय हे त्यालाच माहीत.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. नवे लोक आहेत म्हणून बडा, म्हणजे संथ लयीतला, ख्याल वगळू नका. तराणा, ठुमरी, अभंग यांची ताटली सजवून दिली की टाळ्या भरपूर पडतात, पण श्रोता घरी जातो तो शास्त्रीय संगीत ऐकल्याच्या भ्रमात. एक राग तरी पूर्ण हवा. विलंबित (संथ) तीस-पस्तीस मिनिटं, त्याला जोडून द्रुत (जलद). मग वेगळ्या स्वभावाच्या रागातली मध्यलयीतली बंदिश (रागात बांधलेली रचना) पंधरा मिनिटं आणि शेवटी नाट्यपद, ठुमरी किंवा अभंग. दीड तासाच्या थोडं पलीकडे, मध्यंतर न घेता. मध्यंतरात गेलेले नवे श्रोते सगळे परत येत नाहीत.

उपशास्त्रीय प्रकार कमी दर्जाचे म्हणून शेवटी ठेवायचे असं नाही. महाराष्ट्रात तर रागसंगीत घरोघरी पोहोचलं ते संगीत नाटकामुळे. भास्करबुवा बखल्यांसारख्या अव्वल ख्यालगायकाने १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकातल्या पदांना चाली दिल्या, बालगंधर्वांनी ती गायली आणि ज्यांनी कधी मैफलीचं तोंड पाहिलं नव्हतं त्यांच्या ओठी राग बसले. भीमसेन जोशींच्या संतवाणीला येणारी गर्दीही सगळी ख्यालाच्या श्रोत्यांची नव्हती. त्यातले कितीतरी जण अभंगाचं बोट धरून पुढे ख्यालापर्यंत गेले.

३. घड्याळाकडे बघून राग, रागाकडे बघून घड्याळ

परंपरेने रागांना दिवसाच्या वेळा ठरलेल्या आहेत. आपले बहुतेक कार्यक्रम संध्याकाळी सहा-सातला सुरू होतात, त्यामुळे श्रोत्याच्या कानावर सतत यमन, पूरिया, मारवा, भूप, बिहाग हेच पडतात. तोडी, ललित, अहिरभैरव सकाळचे म्हणून राहून जातात आणि सारंग-मुलतानी दुपारचे म्हणून. रात्री उशिराच्या दरबारीलाही अडचण आहेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी घातली आणि रात्रभराच्या मैफली बंद पडत गेल्या. भीमसेनजींनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सवही एकेकाळी पहाटेपर्यंत चालायचा, त्यालाही वेळ बदलावी लागली.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला यात संधी आहे. रविवारी सकाळी साडेसात-आठची बैठक घ्या. सभागृह रिकामं मिळतं, बाहेर रहदारी कमी असते, लोक ताजेतवाने असतात आणि मुरलेल्या श्रोत्यांनाही सकाळचे राग प्रत्यक्ष ऐकायला मिळाल्याचं अप्रूप वाटतं. सकाळी लोक येणार नाहीत अशी भीती घालणाऱ्यांना दिवाळी पहाटेच्या गर्दीची आठवण करून द्या.

४. सम: एवढं एक शिकवा

पहिली दहा मिनिटं कशाला द्यायची? थाट, वादी-संवादी, घराणी हे सगळं खरं आहे आणि पहिल्या दिवशी सगळं निरुपयोगी आहे. भातखंड्यांनी सांगितलेल्या दहा थाटांची नावं ऐकून कोणाला गाणं जास्त आवडलं असं मी पाहिलेलं नाही. पहिल्या दिवशी शिकवायची ती सम.

ती अशी दाखवता येते. तबलजीला मध्यलयीत तीनतालाचा ठेका धरायला सांगा. सोळा मात्रा मोठ्याने मोजू नका, गणिताचा तास सुरू झाल्यासारखं होतं. श्रोत्यांना फक्त डग्ग्याकडे, तबल्याच्या जोडीतल्या घुमणाऱ्या मोठ्या वाद्याकडे, कान द्यायला सांगा. ‘धा धिं धिं धा, धा धिं धिं धा’ असा घुमारा चालू असतो आणि ‘तिं तिं ता’ला तो नाहीसा होतो, आवाज कोरडा होतो. ती खाली. घुमारा परत आला की थोड्याच वेळात पहिली मात्रा येते. दोन-चार आवर्तनं गेली की लोकांना त्या घुमाऱ्याच्या येण्या-जाण्याची लय लागते. मग सगळ्यांनी पहिल्या मात्रेवर एकच टाळी द्यायची. पहिल्यांदा ती विखुरलेली पडेल आणि लोक हसतील. हसू द्या. दोन-तीन आवर्तनांत ती एकत्र पडायला लागते.

आता गायकाने बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचे परत परत येणारे शब्द, त्याच ठेक्यावर म्हणायचा. तो समेवर कुठल्या अक्षरावर पडतो ते दाखवायचं. मग मुखडा सोडून थोडं फिरून यायचं आणि पुन्हा त्याच अक्षरावर यायचं. लोकांनी फक्त त्या क्षणाची वाट बघायची. तिसऱ्या-चौथ्या वेळेला गायक मुद्दाम लांब गेला तर खोलीत एक ताण जाणवतो, आणि तो समेवर आला की सगळ्यांचा श्वास सुटतो. इथे तुमचं अर्धं काम झालं.

यानंतर तबलजीने एक तिहाई वाजवावी. एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवट बरोबर समेवर. तिहाई नव्या माणसाला चटकन कळते, कारण दुसऱ्या खेपेलाच त्याला अंदाज येतो. सम गाठली की लहान मुलंसुद्धा खूश होतात.

विलंबिताचं काय? अतिविलंबित एकतालात मात्रा बाराच, पण एक आवर्तन मिनिटभरही चालतं. नव्या श्रोत्याला तिथे ठेका धरून ठेवता येत नाही आणि त्याने तो धरूही नये. त्याला एवढंच सांगा, की मुखड्याचे शब्द परत ऐकू आले की सम जवळ आली. मधल्या वेळात गायक एकेका स्वरावर थांबत वर सरकतोय, आज तो कुठवर पोहोचला त्यावर लक्ष ठेवा. या बढतीचा आलेख मनात असला की तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लागतो तेव्हा का बरं वाटलं हे माणसाला आपोआप समजतं. त्या षड्जाची त्याने वीस मिनिटं वाट पाहिलेली असते.

५. राग म्हणजे काय, ते बोलू नका, ऐकवा

‘राग म्हणजे स्वरांचा विशिष्ट समूह’ ही व्याख्या ऐकून माणूस मान डोलावतो आणि विसरतो. त्याऐवजी गायकाला भूप आणि देशकार एकापाठोपाठ म्हणायला सांगा. दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर. भूप गंधाराकडे झुकतो, संध्याकाळचा, शांत. देशकारात धैवत पुढे येतो, सप्तकाचा वरचा भाग उजळतो आणि सकाळ होते. स्वर तेच असून माणूस वेगळा वाटतो, हे श्रोत्याने स्वतःच्या कानांनी पकडलं की व्याख्येची गरज उरत नाही.

कलाकार तयारीचा असेल तर मारवा, पूरिया आणि सोहनी हे त्रिकूट याहून रंगतदार. तिघांतही कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम आहेत, पंचम मात्र वर्ज्य. मारवा रिषभ-धैवतावर रेंगाळतो आणि षड्जावर विसावायचं टाळत राहतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला हुरहुर लागते. पूरिया मंद्र सप्तकात उतरतो, गंधार-निषाद धरतो, गंभीर होतो. सोहनी वरच्या षड्जाभोवती चमकत राहते. प्रत्येकी दीड मिनिट पुरे. एक अट: हा खेळ रागाच्या सादरीकरणाआधी, वेगळा करा. राग रंगल्यावर मध्येच थांबून समजावणं नको.

ओळखीच्या गाण्यावरून राग ओळखायला लावणं हा लोकप्रिय मार्ग आहे. मी त्याच्या विरोधात नाही, पण तो शेवटी ठेवावा. आधीच गाणं सांगितलं की श्रोता संपूर्ण यमनभर तेच गाणं शोधत बसतो.

६. निवेदन कमी, सत्कार त्याहून कमी

नव्या श्रोत्याला पळवून लावायचं काम ख्यालापेक्षा आपले औपचारिक सोहळे जास्त चोख करतात. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, पाहुण्यांचे दोन शब्द, शाल-श्रीफळ, प्रायोजकांची नावं. यात पाऊण तास जातो आणि कलाकार आत तंबोरे लावून ताटकळत बसतो. एवढ्या वेळात एक संपूर्ण राग झाला असता. आभार छापील कागदावर माना. सत्कार करायचाच असेल तर कार्यक्रम संपल्यावर, मंचाच्या मागे.

निवेदकाने ‘स्वरांच्या चांदण्यात न्हाऊन निघूया’ वगैरे म्हणू नये. त्याने राग, ताल, बंदिश सांगावी, कुठे लक्ष द्यायचं ते एका वाक्यात सांगावं आणि बाजूला व्हावं. कलाकार स्वतः बोलणारा असेल तर निवेदकच नको.

एका कागदावर बंदिशीचे शब्द मोठ्या अक्षरात छापून द्या. बंदिशी बहुधा ब्रज किंवा जुन्या हिंदीत असतात, गाताना शब्द ताणले जातात, तुटतात, आणि मराठी श्रोत्याला त्यातलं निम्मंही कळत नाही. खाली दोन ओळींत साधा अर्थ लिहा. समेचं अक्षर ठळक करा, ही छोटी युक्ती फार कामाची आहे. कलाकाराचा पानभर परिचय मात्र नको. कोणत्या गुरूकडे शिकला आणि साथीला कोण आहे एवढं पुरतं.

७. खोली, आवाज, बैठक

पन्नास माणसांच्या खोलीत आवाज मोठा करण्याची गरज फारशी नसते. माइक लावायचा तो तंबोऱ्यासाठी. तबला-पेटीसमोर तंबोरा बुडतो आणि मग गायक कशाच्या आधाराने गातोय हे श्रोत्याला ऐकूच येत नाही. गायकाला हलका माइक, तबल्याला गरजेपुरता. ध्वनिव्यवस्थापकाला दोन गोष्टी बजावून सांगा: डग्गा फुगवायचा नाही आणि एको लावायचा नाही. चित्रपटगीतांच्या कार्यक्रमांची सवय असलेला माणूस या दोन्ही गोष्टी न विचारता करतो. तबलजीला पेटी आणि गायक नीट ऐकू येतात का, हे त्याला विचारून घ्या.

वातानुकूलन असेल तर कलाकार वाद्यं लावायला बसण्याच्या आधीच ते चालू करा. गरम खोलीत लावलेले तंबोरे आणि तबला नंतर थंड हवा लागली की उतरतात-चढतात, आणि पहिल्या रागाची दहा मिनिटं हातोडीच्या ठोक्यांत जातात. श्रोते आत यायच्या आधीपासून तंबोरे चालू ठेवले तर फार छान. लोक आत येताना आपोआप आवाज खाली करतात.

मंच उंच नको. बैठक घाला, पण मागे आणि कडेला खुर्च्या ठेवाच. पाय अवघडलेल्या माणसाला पूरिया सुचत नाही. उशिरा येणाऱ्यांना दोन रचनांच्या मध्ये आत सोडायला दाराशी एक माणूस लागतो. त्याला पहिल्याच दिवशी नेमा, आयत्या वेळी कोणी उठत नाही.

मोबाइलवर सरसकट बंदी घालण्यापेक्षा एक रचना मोकळी ठेवा. शेवटच्या पदाला हवं ते टिपा, बाकी वेळ फोन खिशात, असं सुरुवातीलाच सांगितलं की लोक ऐकतात. याला कलाकाराची परवानगी मात्र आधी घेतलेली हवी. कॉपीराइट कायद्यानुसार कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो, त्यामुळे ध्वनिमुद्रण आणि ते कुठे टाकायचं हे लेखी ठरवून घेणं चांगलं.

८. नवेपणा कुठे आणायचा

दोन-तीन बैठका झाल्या की ‘आता काहीतरी वेगळं करू’ असा उत्साह येतो. वेगळेपणाची आपल्याकडची सर्वांत चांगली शाळा म्हणजे कुमार गंधर्व. त्यांनी वर्षाऋतूची गीतं, लोकगीतं आणि राग एकत्र गुंफून ‘गीतवर्षा’सारखे कार्यक्रम केले, बालगंधर्वांच्या गायकीचा आपल्याला लागलेला अर्थ एक संपूर्ण कार्यक्रम करून मांडला. यात मंचावर कोणतंही नवं वाद्य नव्हतं. एका सूत्रात बांधलेलं असलं की श्रोत्याला पुढचं काय असेल याची उत्सुकता राहते, आणि सूत्र संगीतातूनच आलेलं असलं की काही पातळ करावं लागत नाही.

तुमच्या आवाक्यातली सूत्रं पुष्कळ आहेत. एकच राग तीन घराण्यांचे कलाकार आपापल्या पद्धतीने मांडतील. एकच बंदिश विलंबितात, मध्यलयीत आणि वाद्यावर ऐकवता येईल. फक्त मल्हाराचे प्रकार, तेही ऐन आषाढात. एखादी बैठक नुसत्या साथीदारांची: तबला, पेटी आणि सारंगी यांनी आपापलं काम उलगडून दाखवायचं. ही शेवटची कल्पना करून बघाच, मुरलेले श्रोतेही तिथून काहीतरी शिकून जातात.

फ्यूजनबद्दल मत विचाराल तर, गाणं पक्कं असेल तर कशाशीही जोडा. १९७३ मध्ये जॉन मॅकलॉफ्लिन, एल. शंकर, झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांनी ‘शक्ती’ ही वाद्यमंडळी उभी केली ती टिकली, कारण प्रत्येकाचा आपापल्या विद्येवर पूर्ण हात होता. कच्च्या ख्यालाला बास गिटारचा टेकू देऊन दोन्हींचं भलं होत नाही.

९. छोट्या व्हिडिओला नाक मुरडू नका

एका मिनिटाच्या व्हिडिओने संगीताचं वाटोळं झालं असं म्हणणाऱ्यांना एक आठवण करून द्यावी. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांनी ग्रामोफोनसाठी गायलं तेव्हा तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळत. अब्दुल करीम खाँ याच मर्यादेत गायले आणि त्या तबकड्यांनी त्यांचं गाणं गावोगाव नेलं. केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेली ती साडेतीन मिनिटांची आहे. अडचण लांबीची कधीच नव्हती. त्या कलाकारांनी तीन मिनिटांना सुरुवात, मध्य आणि शेवट दिला. आपण मात्र दीड तासाच्या मैफलीतून तानांचा एक तुकडा कापतो आणि टाकून देतो.

म्हणून तुकडा कापताना मुखड्याच्या आधी सुरू करा आणि समेवर संपवा. एखादा स्वर लागतानाचा क्षणही चालतो, पण त्याआधीची शांतता कापू नका. पडद्यावर राग, ताल आणि बंदिशीचा मुखडा लिहा. तुकडा ज्या मोठ्या ध्वनिमुद्रणातला आहे त्याचा दुवा खाली द्या. तो नसेल तर श्रोता तिथेच थांबतो आणि तुमच्या हाती नुसते लाइकचे बदाम राहतात. पारंपरिक बंदिशीलाही कुठल्याशा जुन्या ध्वनिमुद्रणाशी साम्य दिसल्यावरून आपोआप हक्काचा दावा येऊ शकतो. त्यासाठी मूळ मुद्रण आणि कलाकाराचं परवानगीपत्र जपून ठेवा आणि दाव्याला उत्तर द्या, घाबरून काढून टाकू नका.

१०. पैसे

फुकट ठेवू नका. रक्कम लहान चालेल, विद्यार्थ्यांना सवलत द्या, पण काहीतरी घ्या. मोफत कार्यक्रमाला नाव नोंदवून न येणारे फार असतात. मुख्य कलाकाराच्या मानधनाबरोबरच साथीदारांचंही मानधन आधी ठरवा आणि त्यांच्या हाती थेट द्या. ‘गुरुजींना विचारून देतो’ हा प्रकार नको. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर तबला आणि पेटीवाल्यांची नावं त्याच अक्षरांत छापा.

जागा मिळत नसेल तर महाविद्यालय गाठा. १९७७ मध्ये दिल्लीच्या आयआयटीत किरण सेठ यांनी स्पिक मॅके सुरू केली आणि शाळा-महाविद्यालयांत सप्रयोग व्याख्यानांची जी वहिवाट पाडली, तिच्यामुळे प्राचार्यांना ही कल्पना नवीन वाटत नाही. परीक्षेच्या आणि स्नेहसंमेलनाच्या तारखा टाळून विचारा.

११. दुसरी बैठक

पहिल्या बैठकीला किती आले हे फारसं महत्त्वाचं नाही. नव्याने आलेल्यांपैकी दुसऱ्यांदा किती आले ते मोजा. त्यासाठी दाराशी नाव लिहून घ्या आणि जाताना एकच प्रश्न विचारा: कुठे लक्ष उडालं? ‘आवडलं का’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात. लक्ष कुठे उडालं हे विचारलं की खरी माहिती मिळते. मागच्या रांगेला पेटीच ऐकू येत होती, किंवा दुसरा राग पहिल्यासारखाच वाटला, असं काहीतरी निघतं आणि ते पुढच्या वेळी सुधारता येतं.

वार, वेळ आणि जागा बदलू नका. महिन्याचा दुसरा रविवार तर दुसराच रविवार. मोठा कलाकार मिळतोय म्हणून तारीख हलवली की सवय मोडते, आणि नव्या श्रोत्याची सवय नाजूक असते. दोन-चार नव्या श्रोत्यांना कामालाही लावा: कागद छापणं, दाराशी थांबणं, व्हिडिओ कापणं. तुकडा कापायला बसलेली मुलगी तीच सम वीस वेळा ऐकते, आणि कुठल्याही व्याख्यानापेक्षा तिचा कान लवकर तयार होतो.

पुढच्या बैठकीची तारीख, कलाकाराचं नाव आणि राग सकाळचे की संध्याकाळचे एवढं शेवटच्या रचनेच्या आधी जाहीर करा. भैरवी झाल्यावर कोणी ऐकत नाही, सगळे चपला शोधत असतात.